अँड्र्यू गारफील्डचा स्पायडरमॅन: तेव्हा आपण त्याला नीट पाहिलंच नाही का?

मध्यंतर_पाहुणा

आधी कबुलीजबाब. २०१२ साली एका धाग्यावर मी ठोकून दिलं होतं की हा गारफील्ड म्हणजे केसांना जेल लावून आलेला पीटर पार्कर. भरपूर +१ मिळाले, आठवडाभर कॉलर ताठ होती. परवा लेकीच्या हट्टापायी त्याचे दोन्ही भाग पुन्हा पाहिले आणि आता ते वाक्य गिळावं लागतंय.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅम रायमीचा चौथा स्पायडरमॅन जानेवारी २०१० मध्ये बारगळला. सोनीने आधीच्या तीन भागांतल्या टोबी मॅग्वायरला निरोप दिला, पाटी पुसली आणि दिग्दर्शक मार्क वेबला नव्याने श्रीगणेशा करायला सांगितलं. वेबच्या नावावर तेव्हा एकच मोठा सिनेमा, तोही प्रेमभंगाचा. नायक आला गारफील्ड, 'द सोशल नेटवर्क'मध्ये मित्राने दगा दिलेला एदुआर्दो. 'द अमेझिंग स्पायडरमॅन' आपल्याकडे २९ जून २०१२ ला लागला, अमेरिकेच्याही चार दिवस आधी. टोबीचा तिसरा भाग येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. पुन्हा तोच कोळी चावणार, पुन्हा बेनकाका मरणार. आम्ही थिएटरात हाताची घडी घालूनच बसलो होतो. खरी उत्सुकता इरफान खानची, तर त्याला पुलापर्यंत आणून सिनेमा त्याला विसरूनच गेला. तो राग मी गारफील्डवर काढला असणार.

या वेळी मी नुसते त्याचे हात बघत होतो. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये तो ग्वेनला, म्हणजे सिनेमातल्या नायिकेला, बाहेर भेटायचं विचारतो तो प्रसंग आठवा. एक वाक्य धड पुरं होत नाही. हे करू, नाहीतर ते करू, नाहीतर दुसरंच काहीतरी, नाहीतर काहीच नको. हात एकदा बॅगेच्या पट्ट्यावर, एकदा मानेवर, एकदा कुठेच नाही. समोर एमा स्टोनही तसंच अर्धंमुर्धं बोलते. काहीही न ठरवता दोघांचं ठरतं आणि दोघं दोन दिशांना पळतात. हाच मुलगा मुखवटा चढवला की तोंडाळ होतो. गाडीचोराने चाकू काढल्यावर घाबरल्याचं जे नाटक करतो ना, ते वर्गात कधीही उत्तर न देणाऱ्या मुलाने मोबाइलवरून टोमणे मारावेत तसलं आहे.

दुसरं म्हणजे गटारातला प्रसंग. चारी बाजूंच्या बोगद्यांत धागे ताणून हा मधोमध जाळ्यात बसतो, कुठला धागा थरथरतो याची वाट बघत. आणि कंटाळा आला म्हणून फोनवर गेम खेळतो! कोळ्यासारखं पाय पोटाशी घेऊन बसणं आणि सतरा वर्षांच्या मुलासारखं कंटाळणं, दोन्ही एकाच शरीरात.

आणि शेवटची अंडी. पीटरच्या मेकाकूने त्याला अंडी आणायला सांगितलेली असतात. रात्रभर शहर वाचवून, चेहऱ्याचा भुगा करून घेऊन तो घरी येतो आणि बॅगेतून अंड्यांचा ट्रे काढून तिच्या हातात देतो. ती काही विचारत नाही, जवळ घेते. सॅली फील्ड आहे समोर, म्हणजे प्रश्नच नाही, पण गारफील्ड तिथे जे काही न बोलता करतो त्याने लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तू रडतोयस का?"

नाही म्हटलं मी तिला. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तेव्हा आवडला होता, आता आवडला, की अजूनही आवडत नाही?

सोडावॉटर

रुमाल टाकून ठेवतो. जुनी_कॅसेट येईपर्यंत पॉपकॉर्न भाजून आणतो.

चिंचगोळी

मस्त लिहिलंय. एक विचारू? तेव्हा हिंदीत पाहिला होतात का? कारण माझं नेमकं तेच झालं. टीव्हीवर हिंदीत मी हा इतक्यांदा पाहिलाय की संवाद पाठ आहेत. पण हिंदीतला पीटर अडखळतच नाही हो. ओठ हलतायत म्हटल्यावर डबिंगवाल्यांना तिथे काहीतरी शब्द भरावेच लागत असतील, मग त्याचं "म्हणजे... तू... आपण..." जाऊन छान गुळगुळीत वाक्यं आली. उरला काय, तर स्केटबोर्डवाला स्मार्ट मुलगा. मूळ आवाजात पाहिला तेव्हा मला हा कुणी वेगळाच नट वाटला. टोबीचं हिंदीत इतकं नुकसान झालं नाही, कारण त्याचं बरंचसं काम चेहऱ्यावर आहे आणि तो बोलतो सावकाश.

मध्यंतर_पाहुणा

@चिंचगोळी, पकडलंत! हिंदीतच पाहिला होता, मित्रांच्या टोळक्याबरोबर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे अर्ध्या अभिनयावर मी शेरा मारला होता.

जुनी_कॅसेट

आलो. सोडावॉटर, पॉपकॉर्नमध्ये मीठ बेताने घाल, तुला बीपी आहे.

धागाकर्त्याच्या भावनांचा आदर आहे, पण मी २०१२ च्याच मतावर आहे. गारफील्ड नट म्हणून टोबीपेक्षा चांगला असेल, तो मुद्दाच नाही. पीटर पार्कर हा असा मुलगा हवा की तो वर्गात आहे हे हजेरी घेताना कळावं. हा उंच देखणा गडी. स्केटबोर्ड चालवतो, कॅमेरा गळ्यात, शाळेतल्या गुंडाला स्वतःहून आडवा जातो. कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला याच्या नावाने शिट्ट्या पडतील. मग कोळी चावल्याने त्याच्या आयुष्यात फरक काय पडला? टोबी चश्मा काढतो आणि त्याला स्पष्ट दिसतं, तिथेच माझ्यासारख्या ढापण्यांना सिनेमा कळला होता.

दुसरं, आणि हे जास्त गंभीर. ग्वेनचा बाप कॅप्टन स्टेसी मरताना त्याच्याकडून वचन घेतो की माझ्या मुलीपासून लांब राहा. आणि हा सिनेमाच्या शेवटी वर्गात मागच्या बाकावरून तिला ऐकू जाईल असं म्हणतो की न पाळता येणारी वचनंच सगळ्यात भारी. प्रेक्षक हसतात. मला तेव्हा चीड आली होती. स्पायडरमॅन म्हणजे जबाबदारी, आणि हा पहिल्याच सिनेमात मेलेल्या बापाचा शब्द मोडून मोकळा.

पेन्सिलबॉक्स

जुनी_कॅसेट, पहिला मुद्दा अर्धा मान्य. पण कॉमिक्समधला पीटर कायमचा लाजाळू नाही. सुरुवातीच्या अंकांतला स्टीव्ह डिटकोने काढलेला पीटर चिडका आहे, घुमा आहे, जगावर राग धरून आहे. गारफील्ड मला त्याच्या जवळचा वाटतो. शिवाय जाळं मारायची मनगटावरची यंत्रं त्याने स्वतः बनवलेली, तीही या सिनेमात परत आली. रायमीच्या सिनेमात जाळं थेट मनगटातून यायचं. म्हणजे हुशार मुलगा म्हणून हाच जास्त मुळाबरहुकूम.

दुसऱ्या मुद्द्यावर तर तुमच्याच बाजूने सांगतो, त्या वचनाची किंमत दुसऱ्या भागात वसूल होते. ग्वेन स्टेसीचा मृत्यू कॉमिकमध्ये १९७३ सालचा, अंक १२१. जेरी कॉनवेचं लेखन, गिल केनची चित्रं. तिथे खलनायक गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकून तिला झेलतो आणि मानेशी एक बारीकसा 'स्नॅप' छापलेला आहे. वाचवायला टाकलेल्या जाळ्याच्या झटक्यानेच ती गेली. त्या एका शब्दावर लोक पन्नास वर्षं वाद घालतायत. सिनेमात पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा आहे. घड्याळ थांबतं तेव्हा काटे बघा, १ वाजून २१ मिनिटं. अंक १२१! थिएटरात मला ते दिसलं आणि शेजारच्याला सांगायला तोंड उघडलं, तर तो रडत होता. गप्प बसलो.

सोडावॉटर

दुसरा भाग १ मे २०१४, महाराष्ट्र दिन. सुट्टी म्हणून सगळं खानदान घेऊन गेलो होतो. आईला सांगितलं होतं, मुलांचा सिनेमा आहे, मजा येईल. बाहेर पडल्यावर आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती.

तिसरी_घंटा

मी नाटकवाली, सुपरहिरोंतलं मला फार कळत नाही. भाच्याने पाहायला लावला म्हणून पाहिला. तरी लिहिते.

हा मुलगा रंगभूमीचा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये शिकलेला. पहिला स्पायडरमॅन लागायच्या आधी काही महिने ब्रॉडवेवर 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये बिफ करत होता. माइक निकोल्सचं दिग्दर्शन, बापाच्या भूमिकेत फिलिप सेमूर हॉफमन, आणि याला टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन. पुढे २०१८ मध्ये 'एंजल्स इन अमेरिका'साठी टोनी मिळालंच.

नाटकात पाठ प्रेक्षकांकडे असली तरी पाठीने बोलावं लागतं. मुखवट्याच्या भूमिकेची हीच तर अडचण, चेहरा झाकलेला. पुलावर लटकलेल्या पेटत्या गाडीतून लहान मुलाला काढायचं असतं तेव्हा तो काय करतो? मुखवटा काढून त्या पोराला देतो, हा घाल म्हणतो, याने बळ येतं. पोर वर चढतं. एक तर ते फार सुंदर सुचलंय, आणि दुसरं म्हणजे गारफील्डचा आवाज तिथे किती खाली आहे ते ऐका. धीर देणारा माणूस स्वतः घाबरलेला आहे, आणि ते पोराला कळू नये एवढीच त्याची धडपड. हे ओरडून करणारे ढीगभर नट मिळतील.

बाकी सिनेमात तो खलनायक सरडा आला की मी चहा करायला उठत होते.

क्वीन्सकर

मी क्वीन्समध्ये राहतो, कॉमिकमधल्या पीटरच्या फॉरेस्ट हिल्सपासून फार लांब नाही. इथे स्पायडरमॅन म्हणजे गल्लीतला मुलगा. आमच्या इमारतीतल्या पोरांना दुसऱ्या भागातला तो छोटा प्रसंग फार आवडतो. एका मुलाने शाळेसाठी पवनचक्की बनवलेली असते, दांडगट पोरं ती मोडतात. स्पायडरमॅन येतो, गुंडांना पळवतो, ती चक्की दुरुस्त करतो आणि मुलाला घरापर्यंत सोडतो. बस. शेवटी राक्षसी चिलखतातल्या ऱ्हायनोसमोर पोशाख घालून उभा राहतो तो हाच मुलगा. कथेच्या दृष्टीने बाकी अर्धा सिनेमा कापला असता तरी चाललं असतं, हे मात्र ठेवायलाच हवं होतं.

आणि कॅसेटराव, शहर वाचवण्याबरोबर कपडे धुणं हाही इथल्या आयुष्याचा भाग. मेकाकू म्हणते मशीनमध्ये सगळं लाल-निळं कसं झालं, तर हा ठोकतो की मी झेंडा धुतला! ती थाप तो इतक्या घाईत मारतो की ती आधीपासून ठरवलेली नाही हे कळतं. हे विनोदाचं अंग टोबीकडे नव्हतं.

जुनी_कॅसेट

@क्वीन्सकर, झेंडा धुण्यावर मीही हसलो होतो. पण मग पुढे काय? दुसऱ्या भागात इलेक्ट्रो, हॅरीचा गॉब्लिन, ऱ्हायनो, आईबापांचं गूढ, त्यावर पुढच्या पाच सिनेमांची पायाभरणी. लग्नाच्या पंगतीत एकाच पानात बुंदी, आइस्क्रीम आणि सोलकढी वाढल्यासारखं. हे सगळं तुम्ही सोयीस्करपणे विसरताय. मागून गोड वाटायला लागलं म्हणजे तेव्हा चांगलं होतं असं नाही.

मध्यंतर_पाहुणा

@जुनी_कॅसेट, नाही विसरत. दुसरा भाग सिनेमा म्हणून विस्कळीत आहे, परवा पाहतानाही मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं. पहिल्यातला क्रेनचा प्रसंगही बाळबोध. वाचवलेल्या पोराचा बाप शहरभरच्या क्रेन रांगेत लावतो आणि आमचा हिरो झोके घेत जातो, कैच्या कै. माझं म्हणणं एवढंच की आपण सिनेमाचे मार्क नटाच्या पत्रिकेवर चढवले. आणि आपणच नाही, स्टुडिओनेही. पहिल्याने जगभरात सुमारे ७५ कोटी डॉलर केले, दुसऱ्याने सुमारे ७०. कुणी या आकड्यांना अपयश म्हणणार नाही, पण तोवरच्या पाच स्पायडरमॅनमध्ये हे सगळ्यात कमी होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलचा करार झाला, नवा मुलगा (टॉम हॉलंड) शोधला गेला, जाहीर केलेला तिसरा भाग आलाच नाही. ग्वेनच्या थडग्यापाशी ऋतूंमागून ऋतू उभा राहणारा पीटर आपण तिथेच सोडून दिला.

वचनाच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात आणि तेच मला आता आवडतं. तो चुकलाय. दुसऱ्या भागभर त्याला कॅप्टन स्टेसी जागोजागी दिसत राहतो, गर्दीत, गाडीत. चूक कळूनही तो तिला सोडू शकत नाही. टोबीचा पीटर चुकला तरी आपण त्याच्या बाजूने असतो. हा चुकतो तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखं होतं. मला वाटतं तेव्हा आपल्याला तेच नको होतं.

पेन्सिलबॉक्स

आता ज्यासाठी सगळे थांबलेत ते कुणीतरी लिहा, नाहीतर मी लिहितो.

चिंचगोळी

लिहा लिहा.

पेन्सिलबॉक्स

डिसेंबर २०२१, हॉलंडचा 'नो वे होम'. आपल्याकडे १६ तारखेला. महाराष्ट्रातली थिएटरं ऑक्टोबरमध्येच उघडलेली, तीही निम्म्या क्षमतेने. खुर्चीआड खुर्ची रिकामी, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. गारफील्ड वर्षभर प्रत्येक मुलाखतीत शपथेवर सांगत होता की मी या सिनेमात नाही. हॉलंडच्या पीटरचा मित्र नेड जादूने हवेत गोल काढतो, गल्लीच्या टोकाला कुणीतरी पळत येताना दिसतं, डोळे मोठे आणि पांढरे. अर्ध्या भरलेल्या थिएटरात पूर्ण भरलेल्याचा आवाज झाला. मग त्याला काय काम मिळतं? हॉलंडच्या पीटरची मैत्रीण एमजे पाव फेकून मारते आणि नेडची आजी छताच्या कोपऱ्यातलं जळमट काढायला लावते!

पुढे टोबी, गारफील्ड आणि हॉलंड असे तिन्ही पीटर एकत्र बसलेले असताना गारफील्ड सांगतो की ग्वेन गेल्यावर मी कडवट झालो, मारताना हात राखेनासा झालो. एवढ्या दोन वाक्यांत न आलेला तिसरा भाग आला. आणि मग ती उडी.

नीट बघा, फरक कुठे आहे. २०१४ ला तो वरून जाळं सोडतो. जाळ्याचं टोक फाकतं, अक्षरशः बोटांसारखं होतं, पसरलेल्या पंजासारखं ग्वेनच्या दिशेने जातं आणि क्षणभर उशिरा पोचतं. २०२१ ला एमजे पडते तेव्हा तो दुरून जाळं टाकून झेलत नाही. स्वतः झोकून देतो, तिला दोन्ही हातांनी छातीशी धरतो आणि मगच खाली उतरतो. विचारतो ठीक आहेस ना. ती त्यालाच उलट विचारते. तो मान हलवतो, ओठ आत ओढलेले, डोळे भरलेले. चार-पाच सेकंदांचा शॉट असेल.

तिसरी_घंटा

त्या शॉटसाठी पार्श्वभूमी हवी तर एक सांगते. त्याची आई २०१९ मध्ये कर्करोगाने गेली. त्याच सुमारास आलेल्या 'टिक, टिक... बूम!'च्या निमित्ताने तो टीव्हीवर तिच्याविषयी बोलला होता, हे दुःख म्हणजे न सांगितलेलं प्रेमच आहे, ते माझ्यापाशी राहू दे, अशा अर्थाचं. लहानपणी त्याला स्पायडरमॅनचा पहिला पोशाख शिवून दिला होता तोही तिनेच. त्यातलं किती त्या शॉटमध्ये आलं हे मी सांगणार नाही, नट अशी बेरीज करत नसतो. पण रिकाम्या हाताने कुणी तिथे पोचत नाही.

जुनी_कॅसेट

तो शॉट पाहून माझाही घसा दाटला हे मान्य करतो. पण माझी शंका तशीच आहे. तुम्ही आज जे २०१२ मध्ये पाहताय ते २०२१ ने तुमच्या डोळ्यांत घातलंय. एक चांगला प्रसंग, मग त्याच्या रील्स, मग "आम्हाला तर आधीपासून आवडायचा" म्हणणाऱ्यांचं पीक. उद्या कुणी जॉर्ज क्लूनीच्या बॅटमॅनवरही धागा काढेल. (दिवे घ्या.)

सोडावॉटर

क्लूनीच्या पोशाखाचा धागा निघाला तर तो बंदच करावा लागेल.

चिंचगोळी

@जुनी_कॅसेट, माझ्या घरात याचं उलट उदाहरण आहे. मुलगी ११ वर्षांची. तिने आधी टॉम हॉलंड पाहिला, मग गारफील्डचा पहिला भाग, 'नो वे होम' अजून पाहिलाच नाही. टोबी तिच्या जन्माच्या आधीचा. म्हणजे तिच्या डोक्यात ना तुलना, ना तो शेवटचा शॉट. तिला विचारलं कसा वाटला. म्हणाली, "हा एकटा आहे." हॉलंडला टोनी स्टार्क (आयर्नमॅन) आहे, यंत्रं आहेत, मित्र आहेत. हा स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो आणि मार खाऊन स्वतःच खिडकीतून घरात शिरतो. इतकंच म्हणाली आणि होमवर्कला गेली.

जुनी_कॅसेट

...हे बरं म्हणाली पोरगी. ढापणी आहे का?

चिंचगोळी

आहे! मायनस दीड.

मध्यंतर_पाहुणा

कॅसेटराव, आलात थोडे अलीकडे?

जुनी_कॅसेट

थोडासाच. टोबीला हलवणार नाही. पण पहिला भाग मूळ आवाजात पाहीन म्हणतो, शनिवारी. अडखळणं खरंच एवढं आहे का ते बघायचंय. नसलं तर धागा वर काढून तुझा हिशेब करीन.

क्वीन्सकर

बघताना एक गोष्ट सुटू देऊ नका. कोळी चावल्यावर सकाळी तो बाथरूममध्ये जातो आणि टूथपेस्ट दाबली की आख्खी बाहेर, नळ हातात, दाराची मूठ हातात. विनोदी प्रसंग आहे, पण प्रत्येक वस्तू मोडल्यावर तो ती परत जागेवर लावायचा प्रयत्न करतो. उपयोग नसताना. सगळा पीटर तिथे आहे.

तिसरी_घंटा

हे मी पाहिलं नव्हतं. पुन्हा बघते. सरड्याच्या वेळी चहा ठरलेलाच.

सोडावॉटर

मंडळी, उत्तम धागा. संध्याकाळी सहाला बायकोने खाली पाठवलं होतं, जिन्यात उभा राहून हे वाचत बसलो, आता साडेसात. अंडीच आणायची होती. पळतो.